घरगुती दगड-क्रशर बनवताना मोटर सर्वांत शेवटी ठरवावी

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा नीट वाचला. आपल्याकडे कडबा कुट्टीची ३ एचपीची थ्री-फेज मोटर पडून आहे, दर वर्षी नांगरटीत वर येणाऱ्या काळ्या दगडांचा बांधावर मोठा ढीग साचला आहे, आणि तो दगड घरीच फोडून गोठ्याच्या कोब्यासाठी व वस्तीवरच्या रस्त्यासाठी १० मिमीच्या आसपासची खडी करावी, असा आपला विचार आहे. जबड्याचा क्रशर बनवावा की ड्रममध्ये साखळ्या फिरवणारे यंत्र, तासाला एक ट्रॉली माल निघेल का, आणि कडबा कुट्टीचेच चाक फ्लायव्हील (फिरताना जोर साठवणारे जड चाक) म्हणून चालेल का, हे आपण विचारले आहे. धुळ्याजवळ माझे फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे. साक्री आणि शिरपूर या दोन्ही बाजूंच्या खडी क्रशरांची दुरुस्ती गेली २६ वर्षे करतो आणि आपण म्हणता तशी लहान यंत्रे आजवर तीन बनवली आहेत. त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

आपल्या प्रश्नाची सुरुवात मोटरपासून झाली आहे, आणि अडचण तिथेच आहे. दगड मोटर फोडत नाही. मोटर फक्त चाक फिरवते. दगड फुटतो तो दोन जबड्यांमध्ये काही क्षण निर्माण होणाऱ्या दाबाने, आणि तेवढाच दाब त्याच क्षणी उलट दिशेने यंत्राची चौकट, शाफ्ट आणि बेअरिंगे सोसत असतात. म्हणून खरा प्रश्न असा आहे की आपण बनवलेली चौकट तो दाब तासाला हजारो वेळा सोसू शकेल का. त्याचे उत्तर होकारार्थी असेल तर ३ एचपी पुरते. नसेल तर १० एचपी लावून यंत्र फक्त लवकर मोडेल.

आता काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. पहिली म्हणजे माल किती हवा. आपल्याकडे एक ट्रॉली म्हणजे साधारण एक ब्रास, १०० घनफूट, वजनाने ४२ ते ४५ क्विंटल खडी. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, हा फोडायला अवघड खडक आहे. दळण-फोडणीच्या हिशेबात वापरला जाणारा बॉन्डचा कार्य-निर्देशांक, म्हणजे खडकाची बारीक पूड करायला लागणाऱ्या ऊर्जेचा आकडा, त्याच्यासाठी टनाला २० युनिटांच्या घरात धरतात. त्या सूत्राने ७५ मिमीचा दगड १० मिमीवर आणायला टनामागे सुमारे १.३ युनिट वीज लागते. ३ एचपी म्हणजे २.२ किलोवॉट, त्यातला निम्मा भाग पट्टा, बेअरिंगे आणि रिकाम्या फेऱ्यांत जातो असे धरले तर कागदावर तासाला आठ क्विंटल निघतात. हाताने दगड टाकत असताना प्रत्यक्षात मला तीन ते चार क्विंटलच मिळाले आहेत. म्हणजे एका ट्रॉलीला ११ ते १५ तास. आपल्याला एकदाच पाच-सहा ब्रास हवी असेल तर ती जवळच्या खडी क्रशरवरून आणावी. यंत्राच्या लोखंडाचा खर्चही त्यापेक्षा जास्त होईल. पण वर्षभर थोडी थोडी लागणार असेल, ढीग हलवायचाच असेल आणि हाताशी वेल्डिंग व ओळखीचा लेथवाला असेल, तर यंत्र बनवण्यात अर्थ आहे.

दुसरी गोष्ट दगडाची. सगळा काळा दगड सारखा नसतो. ढिगातला एकेक दगड जमिनीवर ठेवून हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला आणि हातोडी उसळली तर तो ताजा पाषाण; बद्द आवाज आला तर वरचे कवच कुजलेले आहे किंवा विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्यांचा, पांढऱ्या-हिरवट दाण्यांचा खडक आहे. मांजऱ्या सहज फुटतो, पण त्याची खडी कोब्यात कमजोर ठरते, म्हणून तो रस्त्याच्या भरावासाठी वेगळा काढावा. साक्री-नंदुरबारकडे भिंतीसारख्या उभ्या असलेल्या डाइकच्या (भेगांत लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या) रांगांतला दगड याच्या अगदी उलट, सर्वांत चिवट असतो. तो शेतात आला असेल तर लहान यंत्रात घालण्यापूर्वी घणाने फोडून घ्यावा. जळगाव-सावदा भागात दगडाच्या पोकळीत कधी कधी अपोफिलाइट किंवा स्टिलबाइटचे सुंदर स्फटिक निघतात. असा दगड हाती लागला तर कृपया जबड्यात टाकू नका, तो जपून ठेवावा असा असतो.

आता साखळीचे यंत्र की जबडा. साखळीचे यंत्र बनवायला सोपे आहे हे खरे. जुना ड्रम किंवा पाइप, मधून शाफ्ट, त्याला चार-सहा साखळ्या आणि वेग १४४० आरपीएम (मिनिटाला फेऱ्या) किंवा त्याहून जास्त. पण ते घाव घालून फोडते, त्यामुळे खडीपेक्षा चुरी आणि धूळच जास्त निघते. कठीण बेसाल्टपुढे साखळीच्या शेवटच्या कड्या फार लवकर झिजतात, आणि झिजलेली कडी एक दिवस तुटते. तुटलेली कडी त्या वेगाने पातळ पत्रा फाडून बाहेर येते. असा फाटलेला ड्रम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता, आणि भोक बरोबर छातीच्या उंचीवर होते. मी तो ड्रम दुरुस्त करून दिला नाही. खनिजाचा नमुना बारीक पूड करून तपासायचा असेल तर जाड कवचाचे असे यंत्र उपयोगी आहे. आपल्याला खडी हवी आहे, म्हणून आपण जबड्याचाच विचार करावा.

जबड्याचा क्रशर हे जुने यंत्र आहे. अमेरिकेत ईली व्हिटनी ब्लेक यांनी रस्त्याची खडी फोडण्यासाठीच ते शोधले आणि १८५८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्यांच्या रचनेत दोन टॉगल, म्हणजे जबड्याला मागून टेकू देणाऱ्या पट्ट्या, होत्या. लहान यंत्रासाठी एक टॉगल आणि वर विकेंद्री शाफ्ट (ज्याचा मधला भाग मध्यापासून थोडा सरकलेला असतो असा) ही रचना बनवायला सोपी पडते, आणि बाजारातले बहुतेक लहान क्रशर याच पद्धतीचे आहेत. एक जबडा चौकटीला पक्का असतो. दुसरा वरून विकेंद्री शाफ्टवर टांगलेला आणि खालून टॉगल पट्टीवर टेकलेला असतो. शाफ्ट फिरला की तो जबडा पुढे-मागे आणि थोडा वर-खाली हलतो, दगड चिमटतो, सोडतो, दगड थोडा खाली घसरतो आणि पुन्हा चिमटला जातो.

दाब किती येतो, ते एकदा आकड्यांत पाहावे, म्हणजे बाकीचे निर्णय आपोआप होतात. दोन टोकांवर चिमटलेला दगड दाबाने चिरडत नाही, तो आतून ताणला जाऊन दुभंगतो. त्यामुळे लागणारा जोर दगडाच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताजा बेसाल्ट धरला तर ५० मिमीच्या एका दगडाला सुमारे अडीच ते तीन टन, आणि ७५ मिमीच्या दगडाला सहा टनांच्या वर जोर लागतो. जबड्याची रुंदी १५० मिमी असेल तर असे दोन दगड शेजारी शेजारी चिमटले जाऊ शकतात, म्हणजे १२-१३ टन. मी चौकट २० टनांच्या हिशेबाने बनवतो.

आता मोटरचा जोर पाहा. मोटरवर १०० मिमीची पुली आणि यंत्रावर ५०० मिमीचे चाक घेतले की १४४० चे २८८ आरपीएम होतात, आणि लहान जबड्याला २५० ते ३५० हा वेग योग्य आहे. या वेगाला २.२ किलोवॉटची पीळ (टॉर्क) सुमारे ७३ न्यूटन-मीटर येते, आणि विकेंद्रता, म्हणजे शाफ्टचा मधला भाग सरकवलेले अंतर, ५ मिमी असेल तर जबड्याच्या चालीच्या मध्यावर मोटर स्वतःच्या बळावर जेमतेम दीड टन जोर देऊ शकते. दगडाला तर तीन ते सहा टन हवे. मधला फरक फ्लायव्हील भरून काढते. काठावर वजन असलेले ६० किलोचे, ५०० मिमी व्यासाचे चाक २८८ आरपीएमला सुमारे ११०० ज्यूल साठवून ठेवते, आणि एक दगड फुटायला त्यातले थोडेच ज्यूल लागतात. चाकाचा वेग किंचित कमी होतो, दगड फुटतो आणि पुढच्या रिकाम्या अर्ध्या फेरीत मोटर चाकाला पुन्हा वेगावर आणते. म्हणून लहान मोटर चालते, पण हलके चाक चालत नाही.

यातच आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले. कडबा कुट्टीचे चाक घेऊ नका. त्याच्या काठावर वजन थोडे असते, आणि बिडाचे आरे व त्यांतली पात्यांच्या बोल्टांची भोके असे धक्के सोसण्यासाठी केलेली नसतात. आपल्याकडे विहिरीवर चालणाऱ्या जुन्या मंदगती डिझेल इंजिनांची चाके भंगारात अजून मिळतात. ती जड असतात, याहून कितीतरी जास्त वेगासाठी ओतलेली असतात, आणि दोन मिळाली तर शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक लावून तोल साधता येतो. घेताना चाक दोरीने टांगून हातोडीने हलके ठोकावे; घंटेसारखा लांब आवाज आला पाहिजे. फुटका आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, ते चाक सोडून द्यावे.

जबड्यांमधला कोन ही अशी बाब आहे की ती चुकली तर बाकी सगळे बरोबर असूनही यंत्र काम करत नाही. माझ्या पहिल्या यंत्राला मी तोंड ७५ मिमी, खालची फट १२ मिमी आणि जबड्याची उंची केवळ १२५ मिमी ठेवली होती, कारण लोखंड तेवढेच होते. कोन २७ अंशांच्या जवळ गेला. दगड चिमटला जाण्याऐवजी साबणाच्या वडीसारखा वर निसटत होता, विशेषतः तापीच्या पात्रातला गुळगुळीत गोटा. एक पूर्ण दिवस मी मोटर, पट्टा आणि वेग यांत दोष शोधत राहिलो, तो होता कोनात. तोंड आणि फट तीच ठेवून उंची २०० मिमी केली की कोन साडेसतरा अंशांच्या आसपास येतो आणि गोटासुद्धा पकडला जातो. १८ ते २० अंश हा आपल्यासाठी योग्य कोन आहे. ७५ मिमीच्या तोंडात ६० मिमीपेक्षा मोठा दगड टाकू नये, कारण तोंडाच्या चार-पंचमांशापेक्षा मोठा दगड आत न जाता वरच नाचत राहतो. मोठे दगड घणाने फोडावेच लागतील. हे श्रम कोणतेही लहान यंत्र वाचवत नाही.

शाफ्टविषयी थोडे जास्त लिहितो, कारण मी पाहिलेली बहुतेक घरगुती यंत्रे शाफ्टमध्ये मोडली आहेत. शाफ्ट ईएन-८ पोलादाचा घ्यावा. बाहेरच्या बेअरिंगांच्या जागी ५० मिमी आणि मधल्या विकेंद्री भागाला ६५ मिमी व्यास ठेवला, तर ५ मिमी विकेंद्रता देऊनही अरुंद बाजूला अडीच मिमीचा खांदा उरतो आणि बेअरिंग सरळ सरकवून बसवता येते. लेथवाला मधला भाग चार जबड्यांच्या चकात डायल लावून ५ मिमी सरकवून काढेल. त्याला एक गोष्ट मात्र कागदावर लिहून द्या: जिथे जाड भाग संपून बारीक भाग सुरू होतो त्या कोपऱ्यात धारदार काटकोन न ठेवता तेथे जमेल तेवढी गोलाई सोडायची, आणि बेअरिंगच्या कडेला ती अडत असेल तर मध्ये रिंग घालायची.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, ते एका मोडलेल्या शाफ्टवरून कळेल. एका शेतकरी बांधवाने दुसरीकडे बनवून घेतलेले यंत्र माझ्याकडे आणले होते. शाफ्ट बरोबर खांद्यापाशी तुटला होता. तुटलेला भाग मी रॉकेलने धुऊन उन्हात धरला. कडेच्या एका बिंदूपासून शिंपल्यावर असतात तशा बारीक वळ्या निघाल्या होत्या आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग त्या वळ्यांनी गुळगुळीत, किंचित तपकिरी झाला होता. उरलेला एक-चतुर्थांश भाग मात्र साखरेच्या दाण्यांसारखा खरखरीत आणि चमकदार होता. म्हणजे शाफ्ट त्या दिवशी तुटलाच नव्हता. तो कित्येक तास आधीपासून थोडा थोडा चिरत होता आणि शेवटचा खरखरीत भाग तेवढा त्या दिवशी तुटला. २८८ आरपीएम म्हणजे तासाला १७,२८० घाव. ५८ तासांत दहा लाख होतात. एकदा सोसला गेलेला दाब दहा लाख वेळा सोसला जाईलच असे नाही, आणि अशी चीर नेहमी धारदार कोपऱ्यातूनच सुरू होते.

बेअरिंगे गोलाकार रोलरची, म्हणजे बाहेर २२२१० आणि हलत्या जबड्यात २२२१३ क्रमांकाची, घ्यावीत. साधी बॉलची पेडेस्टल बेअरिंगे स्वस्त मिळतात, पण धक्क्याने त्यांच्या वाटेत खळगे पडतात, आणि घरगुती वेल्डिंगच्या चौकटीत दोन्ही बाजू तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. रोलरची बेअरिंगे तेवढा वाकडेपणा चालवून घेतात. ग्रीस लिथियमचे, जड दाबाचे वापरावे, आणि सीलवर धूळ बसू देऊ नये.

चौकटीच्या बाजू २० मिमी प्लेटच्या असाव्यात. खेचाला त्या सहज पुरतात. कमजोरी पुढच्या आडव्या प्लेटमध्ये आणि वेल्डमध्ये असते. पुढच्या प्लेटच्या मागे किमान तीन उभ्या फासळ्या द्याव्यात आणि दोन्ही बाजू एकमेकींना ८.८ दर्जाच्या जाड टाय-बोल्टांनी बांधाव्यात, म्हणजे सगळा भार वेल्डवर राहणार नाही. वेल्डिंगला नेहमीची ६०१३ कांडी न वापरता ७०१८ वापरावी आणि ती भट्टीत वाळवूनच घ्यावी. पावसाळ्यात उघडे राहिलेले पाकीट कितीही नवे दिसले तरी त्या कांड्यांत ओल असते, आणि त्या ओलीने वेल्डखाली चीर पडते.

जबड्याच्या प्लेटसाठी बरेच जण मोठ्या क्रशरच्या टाकाऊ मँगनीज प्लेटचा तुकडा आणतात. भंगारात ती ओळखायला चुंबक लावावा. खऱ्या मँगनीज पोलादाला चुंबक चिकटत नाही. रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेले हे पोलाद घावाने वरच्या थरात कडक होत जाते, हाच त्याचा गुण आहे. परंतु लहान यंत्राचे घाव त्यासाठी बऱ्याचदा कमी पडतात, साध्या ड्रिलने त्याला भोक पडत नाही, आणि वेल्डिंग करताना ते फार तापले तर ठिसूळ होते. म्हणून माझी निवड वेगळी आहे: २० मिमीची ईएन-८ प्लेट आणि तिच्यावर हार्डफेसिंगच्या (झीज रोखणारा कडक थर देणाऱ्या) कांडीने २५ मिमी अंतरावर उभ्या धारा. एका जबड्याची धार समोरच्या जबड्याच्या खाचेसमोर यावी, म्हणजे दगड वाकून फुटतो. वाकवून फोडायला जोर कमी लागतो. प्लेट बोल्टने बसवावी आणि वर-खाली उलटता येईल अशी ठेवावी, कारण खालचा एक-तृतीयांश भाग आधी झिजतो.

टॉगल पट्टी मुद्दाम कमजोर ठेवायची असते, हे पुष्कळांना पटत नाही. आपला दगड शेतातला आहे. त्यात कल्टिव्हेटरच्या फाळाचे टोक, जुना बोल्ट, बैलाच्या नालेचा खिळा येणारच. लोखंड जबड्यात अडकले की काहीतरी तुटणार, आणि जे तुटायचे ते आपण ठरवलेले असावे. ओतीव बिडाची साधी पट्टी किंवा मध्ये भोके पाडून कमजोर केलेली पट्टी दहा मिनिटांत बदलता येते. एकाने वारंवार तुटते म्हणून तिच्या जागी ट्रकच्या पाट्याचा तुकडा घातला; पुढे फाळ अडकला तेव्हा पट्टी शाबूत राहिली आणि बाजूच्या प्लेटचा वेल्ड वरपासून खालपर्यंत उसवला. पट्टीच्या मागे पातळ पत्र्याचे शिम घालून खालची फट कमी-जास्त करता येते, आणि पट्टी खाली पडू नये म्हणून स्प्रिंग असलेला ताण-रॉड लागतो.

फट १० मिमी ठेवली म्हणजे सगळी खडी १० मिमीची निघेल, असे मात्र समजू नये. चपटे तुकडे आडवे सरकून १५-२० मिमीचे बाहेर पडतात आणि सोबत चुरीही येते. खाली तिरपी चाळणी लावून वरचा माल पुन्हा जबड्यात टाकावा लागतो. काळ्या मातीने माखलेला दगड ओला असताना टाकू नका. माती खालच्या फटीत गच्च बसते आणि यंत्र दगडाऐवजी मातीची वडी दाबत राहते. ढीग एकदा पावसात धुऊन उन्हात वाळला की मगच काम करावे.

विजेबाबत तीन गोष्टी सांगतो, आणि त्या मी सगळ्यात कळकळीने सांगतो. पहिली, कृषिपंपाच्या जोडणीवर क्रशर चालवू नये. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाहून वेगळा वापर अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी होते. दुसरी, ओव्हरलोड रिले (भार जास्त झाला की मोटर बंद करणारा) असलेला डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणारा स्टार्टरच लावावा. तिसरी आणि जिवाची गोष्ट म्हणजे पंपाला असतो तसा ऑटो स्विच या यंत्राला कधीही लावू नये. केळीच्या पाण्यासाठी रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून आपल्याकडे तो घरोघरी आहे, आणि हात सवयीने तोच जोडतो. लाइट गेली, जबड्यात दगड अडकून यंत्र थांबले, माणूस दगड काढायला वाकला आणि लाइट आली, तर काय होईल ते लिहिण्याची गरज नाही. स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल शाबूत असेल तर माणसाने बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. तीच व्यवस्था राहू द्यावी.

अडकलेला दगड काढताना मेन स्विच बंद करून फ्यूज खिशात ठेवावा, चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबावे, मग चाक हाताने उलटे फिरवून दगड मोकळा करावा. चालू यंत्रात लोखंडी पहार कधीही घालू नये. लाकडाची काठी ठेवावी, ती चिमटली तर मोडून जाते. हॉपर, म्हणजे दगड टाकायचा डबा, इतका उंच करावा की हात जबड्यापर्यंत पोहोचूच नये, आणि त्याच्या तोंडावर जुन्या टायरच्या रबराचा पडदा लावावा, कारण खपली उडते आणि ती डोळ्याच्या उंचीने येते. पट्टा आणि दोन्ही चाके पत्र्याने झाकावीत. गळ्यातला रुमाल, साडीचा पदर आणि लहान मुले या तिन्हींना यंत्राजवळ जागा नाही. दगड रिकाम्या यंत्रात, पूर्ण वेग आल्यावरच टाकायला सुरुवात करावी आणि बंद करण्याआधी जबडा रिकामा होऊ द्यावा.

धुळीकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. बेसाल्टमध्ये मोकळी सिलिका कमी असते हे खरे, पण आपल्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी असते आणि ती सिलिकाच आहे. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात अडकते. जी दिसत नाही, ती फुप्फुसात खोलवर जाऊन राहते. जबड्याच्या तोंडाशी आणि खाली खडी पडते तिथे फवारणी पंपाची बारीक नोझल लावून पाण्याचे तुषार सोडावेत, पाठीवर वारा घेऊन उभे राहावे आणि किमान एन-९५ मास्क वापरावा. नाकाला बांधलेला रुमाल ही धूळ थांबवत नाही. क्रशरवर तरुणपणी काम केलेले आणि पन्नाशीत जिना चढताना थांबणारे लोक मी जवळून पाहिले आहेत.

आणखी एक बाब. शेतातला दगड स्वतःच्या कामाला वापरणे आणि खडी करून विकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रीचा विचार मनात आला तर त्याआधी महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ प्रमाणे तहसील कार्यालयात आणि धूर-धुळीच्या संमतीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करावी.

आता क्रम सांगतो. आधी दगड ठोकून वेगळे करा आणि लागणाऱ्या खडीचा हिशेब मांडा. मग पुठ्ठ्यावर तोंड, फट आणि उंची खऱ्या मापाने काढून कोन मोजा. त्यानंतर शाफ्ट आणि बेअरिंगे, मग चौकट, मग चाके. शेवटी मोटरवर कोणती पुली लावायची ते ठरवा. आपली ३ एचपीची मोटर तेव्हाही तिथेच असेल.

यंत्र तयार झाले की पहिले दोन तास रिकामे चालवा. चाकाची वरची बाजू स्थिर जबड्याकडे जाताना दिसली पाहिजे. उलटी फिरत असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन फेजच्या वायरी आपसांत बदलाव्यात. बेअरिंगच्या घरावर तळहात ठेवून पाहा. दहा सेकंद ठेवता आला नाही तर ग्रीस जास्त भरले आहे किंवा बसवणीत वाकडेपणा आहे. मग मांजऱ्या दगडाने सुरुवात करा आणि एक तास झाला की थांबवून प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळा, कारण पहिल्या तासात ते हमखास सैल होतात.

पहिल्या दहा तासांनंतर वेल्ड तपासायचे. वेल्डवर रॉकेल चोळा, पंधरा मिनिटांनी कापडाने कोरडे पुसून घ्या आणि वरून खडूची पूड किंवा पातळ चुना लावा. वेल्डला चीर असेल तर तिच्यात मुरलेले रॉकेल अर्ध्या तासात बाहेर येते आणि पांढऱ्यावर केसासारखी काळपट रेघ उमटते. पुढच्या प्लेटच्या फासळ्या जिथे बाजूला भेटतात, ती जागा आधी पाहा. माझ्या तीनपैकी दोन यंत्रांत रेघ तिथेच उमटली होती. अशी रेघ दिसली तर वरून दुसरा वेल्ड चढवू नका. ग्राइंडरने चीर मुळापर्यंत काढा, पुन्हा रॉकेल-खडू लावून ती संपली याची खात्री करा आणि मगच वाळवलेली कांडी हातात घ्या.